तांबड्या वहींतील साक्ष : हेन्री जेम्सच्या भूतकथेंतील घर, दर्जा आणि स्त्री

जुन्या पोथ्या धुंडाळणाऱ्या मंडळींस इंग्रजी भूतकथांची गोडी असेल, तर ती बहुधा माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स याच्यामुळें लागलेली असते. हा गृहस्थ केंब्रिजच्या महाविद्यालयांतील हस्तलिखितांच्या याद्या करणारा मोठा पंडित. १९०४ सालीं निघालेल्या त्याच्या पहिल्या कथासंग्रहाच्या नांवांतच ‘पुराणवस्तुशोधक’ असा शब्द आहे, आणि त्याच्या कथांतून जुना कागद किंवा जुनी वस्तु हातीं घेणारा विद्वानच पिशाचाच्या तावडींत सांपडतो. परंतु त्याच्या जगांत स्त्रिया जवळजवळ नाहींत, आणि चाकरमाणसें चहा आणून देण्यापुरतींच आहेत. मालक, मुलें, पगारी बाई आणि चाकर हीं एका छपराखालीं नांदतात अशा घरांतलें भूत पाहावयाचें, तर नांवापुरत्या सारख्या अशा दुसऱ्या जेम्सकडे, म्हणजे हेन्री जेम्सकडे, वळावें लागतें. त्याची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ ह्या अवधींत ‘कॉलियर्स वीकली’ ह्या अमेरिकन साप्ताहिकांत क्रमशः आली व त्याच वर्षीं ‘द टू मॅजिक्स’ ह्या पुस्तकांत समाविष्ट झाली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड ह्याच १८९८ सालचा. ह्या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. पण त्या खंडानें आपणांस कागदाची परीक्षा करावयास शिकविलें, आणि तीच परीक्षा ह्या कथेस लावून पाहावी असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

कथा थोडक्यांत अशी. खेड्यांतल्या एका गरीब पाद्र्याची सर्वांत धाकटी मुलगी, वय वर्षें वीस, एक जाहिरात वाचून लंडनमध्यें हार्ली स्ट्रीटवरील एका श्रीमंत, देखण्या व अविवाहित गृहस्थाकडे नोकरीसाठीं जाते. ह्या गृहस्थाचा धाकटा भाऊ सैन्यांत होता. तो व त्याची पत्नी हिंदुस्थानांत वारलीं, आणि त्यांचीं दोन पोरकीं मुलें, दहा वर्षांचा माइल्स व त्याहून लहान फ्लोरा, ह्या चुलत्याच्या पदरीं आलीं. चुलत्यानें त्यांस एसेक्समधील ब्लाय नांवाच्या आपल्या वाड्यावर ठेविलें. तेथें मुलांची शिक्षिका म्हणून राहावयाचें, ही ती नोकरी. अट एकच, पण विलक्षण : मालकास कोणत्याहि कारणानें त्रास द्यावयाचा नाहीं. तक्रार नको, विनवणी नको, पत्र तर नकोच नको. पैसे सॉलिसिटरकडून मिळतील, बाकी सर्व तिनें एकटीनें निस्तरावें. पूर्वीं आलेल्या कित्येक बायकांनीं ह्याच अटीमुळें नकार दिला होता. ही मुलगी होकार देते. ब्लायला पोंचल्यावर तिला प्रथम एक पुरुष व मागून एक काळ्या पोशाखांतील स्त्री दिसूं लागते. पुरुष म्हणजे मालकाचा मेलेला खिजमतगार पीटर क्विंट, आणि स्त्री म्हणजे आधींची शिक्षिका मिस जेसल, तीहि मेलेली. हीं दोघें मुलांस ओढून नेऊं पाहतात असें हिच्या मनानें घेतलें. शेवटीं फ्लोरा आजारी पडून लंडनला नेली जाते, आणि माइल्स ह्या शिक्षिकेच्याच हातांत प्राण सोडतो.

हें सर्व आपणांस कळतें तें एका हस्तलिखितावरून. कथेच्या आरंभीं नाताळांत एका जुन्या घरीं मंडळी शेकोटीभोंवतीं जमली आहेत. डग्लस नांवाचा गृहस्थ म्हणतो कीं, माझ्याजवळ एक हकीकत लिहिलेली आहे, पण ती शहरांत कुलूपबंद खणांत आहे. नोकरास किल्ली पाठवून पुडकें मागवावें लागेल. पुडकें येतें. जुन्या धर्तीची, पातळ, सोनेरी कडांची, विटलेल्या तांबड्या पुठ्ठ्याची वही. शाई फिकी झालेली. अक्षर बाईचें आणि अतिशय सुंदर. ती बाई वारल्याला वीस वर्षें झालीं आहेत. मरणापूर्वीं तिनें हे कागद डग्लसकडे पाठविले. पुढें डग्लसचा अंतकाळ जवळ आला तेव्हां त्यानें ती वही कथा सांगणाऱ्या ‘मी’च्या स्वाधीन केली, आणि त्यानेंहि बऱ्याच काळानें तिची बरहुकूम नक्कल केली. आपल्यापुढें आहे ती ही नक्कल. मूळ वहीचें पुढें काय झालें, कोणी विचारीत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, वहीस नांव नव्हतें. श्रोत्यांपैकीं एकीनें डग्लसला नांव विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं मजजवळ तें नाहीं; नक्कलकारास मात्र तेथल्या तेथें सुचलें. शीर्षक नक्कलकारानें घालावें हा प्रकार आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे.

कालनिर्णय करूं गेल्यास तो कथेंतील उल्लेखांवरूनच करतां येतो. डग्लसनें ही गोष्ट चाळीस वर्षें मनांत ठेविली असें श्रोत्यांपैकीं एकजण म्हणतो. ती त्याला कळली तेव्हां तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत होता, आणि बाई त्याच्याहून दहा वर्षांनीं वडील होती. म्हणजे सांगतांना तिचें वय तिशीच्या आसपास. ब्लायला गेली तेव्हां ती वीस वर्षांची होती. अर्थात् वाचनाच्या प्रसंगापूर्वीं सुमारें पन्नास वर्षांमागें ही घटना घडली. छापील कथा १८९८ ची. तिच्या आधीं डग्लसचा मृत्यु व नक्कल ह्यांस कांहीं वर्षें द्यावयास हवींत. तेव्हां ब्लायचें प्रकरण १८४८ च्या पुढें आणतां येत नाहीं. त्या दशकाच्या पूर्वार्धांत किंवा त्याहूनहि मागें तें बसतें. आतां शिक्षिका एके ठिकाणीं लिहिते कीं, क्विंटची आकृति प्रथम पाहिल्यावर ह्या घरांत उडोल्फोच्या वाड्यासारखें कांहीं रहस्य आहे, कीं कोणी वेडें नातलग कोंडून ठेविलेलें आहे, असें तिच्या मनांत आलें. पहिला निर्देश रॅडक्लिफबाईच्या १७९४ च्या कादंबरीचा. दुसऱ्याचा रोख शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एयर’कडे आहे असें बहुतेक टीकाकार मानतात, आणि तें पुस्तक १८४७ च्या ऑक्टोबरांत निघालें. तें घेतलें तर बाईनें मागाहून वाचलेली कादंबरी पूर्वींच्या संध्याकाळच्या भीतींत घालून दिली, असें म्हणणें भाग पडतें. बखरकार हेंच करीत आले आहेत : घडलें तेव्हांचें मन लिहितांना तें लिहिण्याच्या काळच्या शब्दांनीं रंगवावयाचें. म्हणून बाई खोटें बोलते असें ठरत नाहीं. ही रोजनिशी नव्हे, मागाहून लिहिलेली कैफियत आहे, एवढेंच ठरतें. वही केव्हां लिहिली हें तर ती कोठेंच सांगत नाहीं.

जेम्सला ही कल्पना कोठून मिळाली याचा पुरावा सुदैवानें उरला आहे. त्याच्या टिपणवह्या १९४७ सालीं मॅथीसन व मरडॉक यांनीं छापून प्रसिद्ध केल्या. त्यांत १२ जानेवारी १८९५ ची नोंद आहे. दोनच दिवसांपूर्वीं अॅडिंग्टन येथें कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनीं सांगितलेली एक अर्धवट आठवणारी गोष्ट तींत टिपून ठेविली आहे. आईबाप गेल्यामुळें जुन्या वाड्यांत चाकरांच्या हवालीं राहिलेलीं मुलें. चाकर दुष्ट, त्यांनीं मुलांस बिघडविलें. ते मेले, आणि त्यांचीं भुतें मुलांस बोलावूं लागलीं. मुलें किती व केवढीं हें निश्चित नाहीं. गोष्ट कोणा बाहेरच्या पाहणारानें सांगितली पाहिजे असाहि शेरा आहे. आमच्या मतें ह्या नोंदींत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तींत नसलेलें माणूस. शिक्षिका तेथें नाहींच. एकहि नाहीं, मग दोन कोठून? आर्चबिशपांच्या गोष्टींत जग सरळ होतें : वर मुलें, खालीं चाकर, आणि दोष सगळा खालच्यांचा. जेम्सनें त्या दोन दुष्टांपैकीं एकास चाकर ठेविलें व दुसरीस त्या पायरीवरून उचलून कुलीन बाई केलें. आणि ‘बाहेरचा पाहणारा’ म्हणून त्याच पायरीवरची दुसरी बाई आणून बसविली. ह्या एका फेरफारानें चाकरांच्या दुष्टपणाची कथा पांढरपेशा स्त्रीच्या जागेची कथा झाली.

ती जागा कशी होती हें इंग्लंडच्या त्या काळच्या कागदपत्रांवरून चांगलें कळतें. १८५१ च्या शिरगणतींत वीस हजारांहून अधिक स्त्रिया गव्हर्नेस म्हणून नोंदल्या गेल्या. गव्हर्नेस म्हणजे परक्याच्या घरीं राहून मुलांस शिकविणारी पगारी बाई. तिचें कुळ मालकाच्या तोडीचें पाहिजे, वागणूक त्याच्या बायकोसारखी पाहिजे, पण दरमहाच्या बाबतींत ती चाकरांत मोडणार. वर्षाला वीस ते पंचेचाळीस पौंड हा तिचा सामान्य पगार. मालकमंडळी तिला पंक्तीला घेत नसत, चाकर तिला आपल्यांत धरीत नसत. जेवण मुलांबरोबर किंवा एकटीनें. पाद्री, वकील, लष्करी अधिकारी अशांच्या अविवाहित मुलींस अब्रू न घालवितां पोट भरण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता. १८४८ च्या डिसेंबरांत एलिझाबेथ रिग्बी हिनें ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्यें ‘जेन एयर’, थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ आणि गव्हर्नेसांच्या साहाय्यार्थ निघालेल्या संस्थेचा अहवाल अशा तिहींचें परीक्षण एकाच लेखांत केलें. दोन कादंबऱ्या आणि एक धर्मादाय अहवाल एका पंक्तींत बसावा, इतका हा प्रश्न त्या समाजाला बोंचत होता. त्याच लेखांत रिग्बीनें म्हटलें आहे कीं गव्हर्नेस ही जन्मानें व शिक्षणानें आमच्या बरोबरीची आणि केवळ पैशानें कमी असते. आणि तिला दूर ठेवण्याची रीतहि तिनें न्याय्यच ठरविली आहे. सहानुभूति आणि कडी एकाच हातानें लाविलेली. त्या वर्षीं लंडनला क्वीन्स कॉलेज निघालें तेंहि गव्हर्नेसांच्या शिक्षणाची दैना पाहूनच.

ब्लायची शिक्षिका अशा जगांतून आलेली आहे, आणि वाड्यांत शिरतांच तिचें डोकें थोडें फिरतें हें तिनेंच प्रांजळपणें लिहिलें आहे. तिला दिलेली खोली मोठी, पलंग भव्य, आणि आयुष्यांत पहिल्यांदां तिला आरशांत स्वतःस डोक्यापासून पायांपर्यंत पाहतां आलें. आयुष्यभर अर्ध्या आरशावर भागविलेली ही पाद्र्याची मुलगी एका वाड्याची जवळजवळ धनीण होऊन बसते. घराची कारभारीण मिसेस ग्रोस ही पूर्वीं मालकाच्या आईची दासी होती. ती हिला मान देते. मालकास ती दोनदांच भेटली, पण त्यानें हात हातीं घेऊन आभार मानले एवढ्यानें तिला पावती मिळाली. एके संध्याकाळीं ती बागेंत फिरतांना मनांत म्हणते, वळणावर कोणी अवचित भेटावें, माझ्याकडे पाहून हंसावें, मी केलें तें बरें केलें हें त्यानें जाणावें. नेमकें तेव्हांच बुरुजावर माणूस दिसतो. पण तो मालक नव्हे, त्याचा खिजमतगार.

येथून पुढें कथेंतील कागद मोजीत जावें अशी आमची वाचकांस सूचना आहे. ब्लायमध्यें कागद पुष्कळ आहेत आणि जवळजवळ एकहि आपल्या ठिकाणीं पोंचत नाहीं. पहिला कागद माइल्सच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा. तो चुलत्याकडे गेला. चुलत्यानें न फोडतांच शिक्षिकेकडे रवाना केला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या कीं, हा मनुष्य कंटाळवाणा आहे, वाच, काय तें कर, मला कळवूं नकोस. आंत मुलास शाळेंतून काढल्याची वार्ता, कारण नाहीं. ती हें पत्र मिसेस ग्रोसपुढें धरते, आणि कारभारीण दोन्ही हात पाठीमागें घेते. तिला वाचतां येत नाहीं. ह्या एका हालचालींत त्या घराचे तीन थर उघडे पडतात : वाचतां येत असून न वाचणारा मालक, वाचून गप्प राहणारी शिक्षिका आणि वाचतांच न येणारी दासी. पुढच्या संभाषणांत शिक्षिका ठरविते कीं मुख्याध्यापकास उत्तर नाहीं, चुलत्यास कांहीं नाहीं, मुलासहि कांहीं नाहीं. तिला आपल्या ह्या मौनाचा अभिमान वाटतो. मध्यमवर्गीय स्त्रीचा सद्गुण म्हणून जो पढविला जातो, म्हणजे वडीलधाऱ्यांस त्रास न देतां सर्व आपल्यावर घ्यावें, तो येथें असा पहिल्याच दिवसांत पक्का होतो.

दुसरे कागद मुलांचीं पत्रें. मुलें चुलत्यास लिहितात. पण चुलत्याचें मौन हें तिच्यावरील विश्वासाचें चिन्ह समजून ती पत्रें टपालांत टाकीतच नाहीं. तीं जणूं वाङ्मयाचे धडे, पाठविण्यापेक्षां जपून ठेवण्याजोगीं. हीं सर्व पत्रें अद्यापि माझ्याजवळ आहेत असें ती लिहितांना सांगते.

तिसरी गोष्ट कागदाची नव्हे, कागदाच्या जागेची. रविवारीं चर्चहून एकटीच लवकर परतली असतां शिक्षिकेस अभ्यासाच्या खोलींत, तिच्या स्वतःच्या टेबलाशीं, तिच्या लेखण्या, शाई व कागद ह्यांच्यापुढें एक बाई बसलेली दिसते. क्षणभर तिला वाटतें, घर राखावयास मागें राहिलेली एखादी मोलकरीण आपल्या प्रियकरास मोठ्या कष्टानें पत्र लिहीत असावी. मग ती ओळखते : ही मिस जेसल. आणि त्या क्षणीं तिला वाटतें कीं उपरी आहे ती मीच. आमच्या मतें साऱ्या कथेंत ह्याहून भयंकर जागा नाहीं. मोलकरीण आणि कुलीन शिक्षिका ह्यांत अंतर किती, तर एका दृष्टिक्षेपाचें. आणि हातीं लेखणी असल्यामुळेंच बाई बाई ठरते असा जो तिचा भरंवसा, तो तिच्याच टेबलाशीं ढांसळतो. जेसल कशानें मेली हें कोणी सांगत नाहीं. गव्हर्नेसला असें झाल्यावर येथें राहणें शक्यच नव्हतें, एवढें मिसेस ग्रोस म्हणते. तिनें कोणास पत्र लिहिलें होतें कां? तिच्या हातचा एकहि कागद कथेंत नाहीं.

ह्यानंतरचा प्रसंग तर आमच्या विषयाचा गाभाच आहे. मालकास कळविलेंच पाहिजे असें ठरतें. मिसेस ग्रोसला लिहितां येत नाहीं. तिला कांहीं कळवावयाचें असलें म्हणजे ती इस्टेटीच्या कारभाऱ्यास सांगते आणि तो लिहितो. शिक्षिका उपरोधानें विचारते, मग आपली ही कहाणी त्यानें लिहिलेली चालेल का? बिचाऱ्या कारभारणीच्या डोळ्यांस पाणी येतें आणि ती म्हणते, बाई, आपणच लिहा. पाहा : घराची अब्रू एवढी कीं ती खालच्या पायरीवरच्या पुरुषाच्या लेखणीनें लिहिली जातां नये, आणि वरच्या पायरीवरच्या पुरुषास तर ती वाचण्याची इच्छाच नाहीं. मग ती लिहिते. पत्रांत भुतांचें नांव नाहीं, फक्त एकदां भेट द्यावी एवढी मागणी. दिवाणखान्याबाहेरच्या टेबलावर ठेविलेलें तें पत्र माइल्स पळवितो, फोडतो, त्यांत स्वतःविषयीं कांहींच न सांपडल्यामुळें जाळून टाकतो. आणि शाळेंतून काढण्याइतका त्याचा अपराध तरी कोणता? आवडत्या मुलांजवळ कांहीं गोष्टी बोलला, इतकाच. ह्या घरांत कोणी मुलाच्या हातीं शस्त्र देत नाहीं, कोणी विष घालीत नाहीं. जें घडतें तें बोललेल्या, न बोललेल्या आणि अडविलेल्या शब्दांनीं घडतें.

वाड्यांतील दर्जाची दुसरी खूण कपड्यांची आहे. क्विंटचें वर्णन करतांना शिक्षिका प्रथम सांगते कीं त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि अंगावरचे कपडे चांगले पण त्याचे नव्हेत. मिसेस ग्रोस लगेच ओळखते : मालकाचीं कांहीं जाकिटें नाहींशीं झालींच होतीं. सद्गृहस्थ तो नव्हेच, याबद्दल दोघींचें एकमत. पुढें दोघी जेसलचें पाप मोजतात तेव्हां त्यांच्या तोंडीं पहिली तक्रार कामवासनेची नव्हे, पायरीची येते : ती कुलीन, आणि तो इतका खालचा! माणूस मालकाचें जाकीट घालून मालकाच्या गैरहजेरींत मालकासारखा वागला, हें त्याचें खरें पाप. पण तें जाकीट घालूं कोणी दिलें? क्विंटची प्रकृति बरी नाहीं म्हणून मालकानेंच त्यास हवा पालटण्यास ब्लायला ठेविलें व सारा कारभार, मुलांसुद्धां, त्याच्यावर सोडला. चहाड्या मालकास आवडत नाहींत म्हणून मिसेस ग्रोस गप्प राहिली. क्विंट दारू पिऊन रात्रीं परततांना बर्फाळ उतारावर पडून मेला. जेसल घर सोडून मेली. मालक हार्ली स्ट्रीटवर सुखरूप आहे. दोघी बायका सबंध कथेंत त्याला एक शब्द लावीत नाहींत.

जाकिटाचा उल्लेख आणखी एकदां येतो, आणि तो वाचकाच्या नजरेंतून सहज निसटतो. चर्चला जातांना माइल्सनें नवे कपडे घातले आहेत. ते चुलत्याच्या शिंप्यानें शिवलेले आहेत, आणि त्या शिंप्यास सुंदर जाकिटांच्या बाबतींत मोकळीक होती. त्या पोशाखांतल्या मुलाकडे पाहून शिक्षिकेला वाटतें, ह्याच्या पुरुषजातीचा व दर्जाचा हक्क ह्याच्या अंगावर असा उमटलेला आहे कीं, ह्यानें आतां स्वातंत्र्य मागितलें तर मला बोलावयास जागा नाहीं. दहा वर्षांचा पोर आणि त्याची गुरु; पण पोर तिच्याशीं वडिलकीच्या लाडिक सुरांत बोलतो, मला माझ्यासारख्यांत राहावयाचें आहे म्हणतो, आणि चुलत्याचा हवाला देऊन तिला गप्प करतो. एकच वस्त्र चाकराच्या अंगावर चोरी ठरतें व मुलाच्या अंगावर जन्मसिद्ध अधिकार. फ्लोरास असा अधिकार नाहीं; ती शेवटीं दासीबरोबर गाडींत घालून पाठविली जाते.

ह्या कथेवरील वादाचा इतिहास येथें थोडा सांगणें अवश्य आहे. भुतें खरीं नसून शिक्षिकेच्या मनाचीं असावीं, हा विचार एडना केंटननें १९२४ सालीं मांडला. १९३४ सालीं एडमंड विल्सननें त्यास फ्रॉइडची जोड दिली : दडपलेल्या कामेच्छेनें ग्रस्त अशी ही पाद्र्याची अविवाहित मुलगी, मालकावर मन बसलेली, तिला भास होतात. रॉबर्ट हाइलमननें १९४७ त त्याचें खंडन केलें. क्विंटला कधींहि न पाहिलेल्या बाईनें वर्णन केलेला मनुष्य मिसेस ग्रोसनें ओळखावा कसा, ह्या आक्षेपास आजहि सर्वमान्य उत्तर नाहीं. विल्सननें कथाकारिणीवर डोळे झांकून विश्वास ठेवण्याची संवय मोडली, हा त्याचा उपकार आम्ही मानतों. पण त्यानें साक्षीची परीक्षा केली नाहीं, साक्षीदाराची जात पाहिली. गरीब आहे, स्त्री आहे, अविवाहित आहे, तेव्हां तिला वाताचे झटके येत असावेत! एखाद्या कारकुनानें लिहिलेल्या कैफियतींत त्यास न दिसावें तें दिसलें असतें, तर आपण त्याच्या अंतःकरणांत न शिरतां प्रथम विचारलें असतें : हें केव्हां लिहिलें, कोणासाठीं लिहिलें, लिहिणारास काय लपवावयाचें होतें? तोच न्याय ह्या बाईस मिळावयास पाहिजे.

आणि तो न्याय कठोर आहे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. बाईच्या हातून एक मूल मेलें. तिची वही त्या क्षणींच थांबते. पुढचें एक अक्षर नाहीं. डॉक्टर आला कां, चुलता आला कां, तिनें त्यास काय सांगितलें? ह्या घटनेनंतर दहा वर्षांनीं डग्लसला ती भेटली ती त्याच्या बहिणीची शिक्षिका म्हणून. म्हणजे तिला पुन्हां नोकरी मिळाली, आणि नोकरी मिळावयास मागल्या मालकाची शिफारस लागते. ती कोणी दिली असेल? आमचा तर्क असा कीं, जो मालक पत्र फोडीत नाहीं तोच प्रशस्तिपत्र लिहून देतो, कारण चौकशी करणें म्हणजे पुन्हां त्रास घेणें. तर्क म्हणूनच हें वाचकांनीं घ्यावें. डग्लसचा तिच्याविषयींचा अभिप्राय फार चांगला आहे, पण तोहि ‘तिच्या जागीं असलेल्या बायकांत’ एवढी मर्यादा घालूनच सुरू होतो. विशीच्या वयांत तिच्यावर मन जडलेला साक्षीदार तो, त्याचें वजन तितकेंच.

एकीकडे तिची साक्ष पुढें ढकलणारे तिन्ही हात, तिचा स्वतःचा धरून, तिच्याच दर्जाचे किंवा त्याहून वरचे आहेत, ही गोष्ट विसरूं नये. क्विंटची बाजू, कारभाऱ्याची, बुडून गेली. मिसेस ग्रोसला लिहितां आलें असतें तर तिनें हीच हकीकत कशी सांगितली असती? शेवटच्या दिवसांत फ्लोरा तापांत जें जें बोलली तें ऐकून ती हादरली. त्या शब्दांतला एकहि वहींत उतरलेला नाहीं, कारण चांगल्या घरच्या बाईनें ते लिहावयाचे नसतात. येथें मध्यमवर्गीय सभ्यता हीच पुराव्यास लागलेली कसर आहे.

आतां जेम्सच्या स्वतःच्या कागदांविषयीं. सुंदर हस्ताक्षराच्या वहीची ही कथा त्यानें स्वतःच्या हातानें लिहिली नाहीं. मनगटाच्या दुखण्यामुळें १८९७ पासून तो तोंडानें सांगत असे आणि विल्यम मॅकआल्पिन हा टंकलेखक यंत्रावर उतरवून घेई. १९०८ सालीं त्यानें आपल्या निवडक ग्रंथांची न्यूयॉर्क आवृत्ति काढली तेव्हां बाराव्या खंडांत ह्या कथेच्या शेजारीं ‘द अॅस्पर्न पेपर्स’ ठेविली. तीहि कागदांचीच गोष्ट, १८८८ ची : मेलेल्या कवीचीं पत्रें मिळविण्यासाठीं एक संपादक व्हेनिसमधील वृद्ध स्त्रीच्या घरांत भाडेकरू म्हणून शिरतो, आणि अखेर तिची पुतणी तीं पत्रें एकेक करून जाळते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कुणाच्या माडीवरचें दप्तर मिळावें म्हणून आठवडेच्या आठवडे ओसरीवर बसून काढले आहेत, त्यांनीं ती अवश्य वाचावी, फार बोंचेल. त्यानंतर वर्षभरानें, १९०९ मध्यें, जेम्सनें राय येथील आपल्या बागेंत स्वतःकडे आलेल्या चाळीस वर्षांच्या पत्रांची होळी केली. टिपणवह्या त्यांतून वांचल्या, म्हणून आर्चबिशपांच्या गोष्टींत गव्हर्नेस नव्हती हें आज सांगतां येतें.

माइल्स व फ्लोरा ह्यांनीं चुलत्यास लिहिलेलीं पत्रें मात्र राहिलीं. वही लिहितांना तीं सर्व बाईजवळ होतीं, असें तिचेंच म्हणणें आहे. मेलेल्या मुलाच्या हातचें तेवढेंच लिखाण. मूळ, समकालीन आणि बाईच्या स्मृतीचा हात न लागलेलें. डग्लसकडे आलेल्या पुडक्यांत तांबडी वही होती. पत्रें असल्याचा उल्लेख नाहीं.